पोटातलं विरजण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे म्हशीच्या सडात औषधाची ट्यूब सोडणं. लोक शेवटचा घास सांगतात, शेवटचं बोलणं सांगतात. आमच्या वाट्याला म्हशीची कास आली. चंद्री म्हैस दगडीनं आजारी होती. दगडी म्हणजे कासेचं दुखणं. कास दगडागत घट्ट होते, गरम लागते, दुधात गाठी येतात, जनावर हात लावू देत नाही. जनावरांचे डॉक्टर सकाळी एक ट्यूब सोडून गेले होते, दुपारची आम्ही सोडायची होती. हौसा तोंडाकडं उभी राहून चंद्रीचा गळा खाजवत होती आणि मी खाली बसून सड पुसत होतो.

चंद्रीनं एक लाथ हाणली. ती माझ्या मांडीला बसली. हौसा हसली. चाळीस वर्षांच्या वर संसार झाला, पण मला लाथ बसली की ती हसायचीच.

मग म्हणाली, "बघा, हिला बोलाय येत न्हाय म्हणून डॉक्टर दारात येतोय. आपल्या आरूला बोलाय येतंय, तर तिचं मेडिकलवाल्यावर भागतंय."

आरू आमची नात. तिसरीत आहे. तिला आदल्या दिवसापासून ताप होता आणि घरात मागच्या तापातली अर्धी बाटली शिल्लक होती. सून रूपाली कामावरनं आली की ती बाटली काढणार, हे हौसाला दिसत होतं.

"सांजच्याला मी बोलतो रूपालीशी," असं म्हणून ती हात धुवायला गेली. सांज काही तिला मिळाली नाही.

ते पुढं येईल. आधी धंदा सांगतो. नाहीतर बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हशीचं औषध आणि नातीचं औषध आमच्या घरात एका वाक्यात कसं आलं.

कोल्हापुरात दुधाचा कट्टा असतो. चौकात ठरलेली जागा असते, तिथं आम्ही गवळी सकाळ-संध्याकाळ म्हशी घेऊन उभं राहतो. गिऱ्हाईक आलं की त्याच्या समोर धार काढायची, फेसासकट पेला हातात द्यायचा. काहीजण तिथंच उभ्यानं पितात, काहीजण घरी नेतात. पाण्याचा प्रश्नच नाही, कारण म्हैस डोळ्यापुढं असते. हल्ली डॉक्टर सांगतात, दूध उकळूनच प्या. बरोबर सांगतात. मी स्वतः गिऱ्हाइकाला तेच सांगतो. पण काही जुन्या मिशा अशा आहेत की त्यांना फेस लागल्याशिवाय दिवस उगवत नाही.

एकदा पुण्याचं एक पावणं आलं. पेला हातात घेऊन विचारतं, "हे किती दिवस टिकतं?"

मी म्हटलं, "पावणं, ते तुमच्या पोटावर हाय. माझ्याकडनं तर आत्ताच निघालंय."

एक रिटायर साहेब होते, ते पेला हातात घेण्याआधी म्हशीला बघून घ्यायचे. तिचे डोळे, नाक, शेण, सगळं. मग मला बघायचे. मी पास झालो की दूध प्यायचे. मला त्यांचा राग कधी आला नाही. खाणं विकणाऱ्याला असंच बघायला पाहिजे.

माझी शाळा चौथीत सुटली. म्हशीतलं मात्र मला कळतं, त्यात मी कुणाला ऐकत नाही. वैरण कधी बदलावी, कुठली म्हैस दूध चोरते, कुठलीला पेंड वाढवून उपयोग नाही, हे मी लांबनं सांगतो. पण दुधाचं पुढं काय होतं, ते खातं हौसाचं. उरलेल्या दुधाचं ती दही लावायची. तिचं दही कापावं असं लागायचं. गल्लीतल्या खानावळीच्या मालकीणबाई दुसऱ्या कुणाचं दही घेत नव्हत्या.

आणि एके दिवशी ते दही लागलंच नाही.

आम्ही बाजारातनं नवी म्हैस आणली होती. दुधाला चांगली, अंगानं चांगली, विकणारा म्हणाला काही तक्रार नाही. तिचं दूध हौसानं वेगळं काढलं, बघू या साय कशी येते म्हणून, आणि विरजण लावलं. बाकीच्या म्हशींचं त्या दिवसांत कट्ट्यावरच संपत होतं. सकाळी बघतो तर दूध तसंच. ना आंबट, ना घट्ट. हौसानं दुसऱ्या दिवशी विरजण जास्त घातलं. तसंच. मग तिनं मडकं बदललं. जुनं मडकं चांगलं होतं, पण संशय आला म्हणून ते उकिरड्यावर नेऊन फोडलं. तरी दूध तसंच. खानावळीच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "हौसाताई, आज बी ताकावर भागवू? माझी माणसं मला ताकात बुडवतील."

मग आमच्या घरात जे होतं ते झालं. दृष्ट लागली. नवी म्हैस दारात आलेली कुणाच्या तरी डोळ्यात सलली. हौसानं मीठ-मिरच्या घेतल्या आणि मडक्यावरनं उतरून टाकल्या. म्हशीवरनं उतरतात हे मी बघितलं होतं, मडक्यावरनं पहिल्यांदा बघितलं. मी म्हटलं, "आता मडक्याला काळा टिळा लाव." तर म्हणाली, "लावलाय. खालच्या अंगाला."

शेवटी जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या कामानं आले, तेव्हा तिनं त्यांना गाठलं. त्यांनी म्हशीची कास दाबून बघितली आणि विचारलं, "हिला विकायच्या आधी ट्यूब सोडली होती का?"

विकणाऱ्याला फोन लावला. आधी नाही म्हणाला, मग बघतो म्हणाला, मग व्हय म्हणाला. म्हशीला दगडी झाली होती, औषध सोडलं होतं, आणि कासेची सूज उतरल्याबरोबर त्यानं बाजार दाखवला होता.

डॉक्टरांनी हौसाला जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो. दही म्हणजे जिवंत माल. विरजणात डोळ्याला न दिसणारे जंतू असतात, ते दुधात वाढतात आणि दूध घट्ट करतात. रोगाचे जंतू वेगळे आणि हे वेगळे. पण औषध काही ओळखपाळख विचारत नाही. कासेतल्या रोगावर सोडलेलं औषध दुधात उतरतं, आणि ते दूध मडक्यात आलं की विरजणाच्या जंतूंनाही मारतं. म्हणून औषध चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध काढून ओतून द्यायचं. कुणाला घालायचं नाही, रेडकालासुद्धा नाही.

हौसा खाली बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे माझं इरजन मेलं न्हाय. मारलं."

त्यानंतर तिचा नियम झाला. औषधातल्या म्हशीची धारेची चरवी वेगळी, जागा वेगळी, आणि ते दूध ती स्वतः ओतायची. मी कधी म्हटलं, आजचा शेवटचा दिवस आहे, चालून जाईल, तर ती म्हणायची, "तुमी प्या की मग."

आता कोंबड्यांचं.

कट्ट्यावर आमचे एक गिऱ्हाईक होते, इब्राहिमभाई. मूळचे कबनूरचे. आधी त्यांचे कापडाचे माग होते, मग त्यांनी मागाच्या शेडात कोंबड्या घातल्या. कोल्हापुरात आले की कट्ट्यावर येऊन पेला रिकामा केल्याशिवाय जायचे नाहीत. म्हणायचे, "दिवसभर कोंबडी बघतोय, जरा चार पायांचं जनावर बघू दे."

एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितलं की पूर्वी खाद्यातनं, पाण्यातनं औषध द्यायची पद्धत होती. मी विचारलं, "कसला रोग यायचा?"

"रोग असू दे, नसू दे. द्यायचं. तेच खाद्य खाऊन पक्षी जास्त भरतो."

"औषधानं?"

"औषधानंच. जंतू मारायचं जे तुम्ही म्हशीला सोडताय, त्याच घराण्यातलं. थोडं थोडं रोज दिलं की पोटातलं काय बदलतंय खुदा जाणे, पण वजन येतंय. आता त्यावर बंधनं आलीत. मीबी सोडलं. उद्या माणसाला ते औषध लागू पडंना झालं तर पंचाईत, असं सांगून गेले साहेब लोक."

हौसा त्या दिवशी कट्ट्यावर होती. चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती.

घरी आलो तर दारात आरू खेळत होती. तेव्हा ती पहिलीत होती. अंगानं चांगलीच भरलेली. शाळेत पोरं तिला पिंप म्हणायची आणि ती घरी येऊन गणवेशाचं बटण आतनं धरून बसायची, दिसू नये म्हणून.

हौसा म्हणाली, "कोंबडीला वजनासाठी देत्यात. आपण पोरीला सर्दीसाठी देतोय. पोटाला काय ठावं, कशासाठी दिलंय ते?"

हे तिला आपोआप सुचलं नाही. घरात जे चाललं होतं ते तिला दिसत होतं. आरू जन्मल्यापासून सारखी सर्दी-खोकल्याची. माझा पोरगा प्रकाश फाउंड्रीत, पाळ्या बदलत्या. सून रूपाली शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात. पोरीला ताप आला की रूपालीला रजा, रजा झाली की बोलणी. म्हणून एकदा डॉक्टरांनी लिहून दिलेली जंतू मारायच्या औषधाची बाटली तिनं लक्षात ठेवली आणि पुढच्या प्रत्येक सर्दीला मेडिकलातनं तीच आणायला लागली. दोन दिवसांत पोरगी खेळायला लागली की बाटली बंद. उरलेली फडताळात, पुढच्या सर्दीला.

हौसानं सुनेला सगळ्यांपुढं विचारलं, "आपण चंद्रीला कधी मेडिकलवाल्याला इचारून औषध दिलंय?"

रूपाली भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. आम्हाला ती आत्ती-मामा म्हणते. "आत्ती, चंद्री आजारी पडली तर मामा घरात असत्यात. आरू आजारी पडली तर मला कोण सोडतंय?"

दुसऱ्या दिवशी हौसानं स्वतःच चप्पल घातली आणि म्हणाली, "चला, पोरीला लहान पोरांच्या डॉक्टरणीकडं नेऊ. रूपाली, तू कामावर जा. काय काय दिलंयस तेवढं पिशवीत घालून दे."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पिशवीतल्या बाटल्या त्यांनी टेबलावर मांडल्या आणि एकेकीवरचं नाव वाचलं. हौसानं त्यांना विरजणापासून इब्राहिमभाईंच्या कोंबडीपर्यंत सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं, बाई आता हसणार. त्या हसल्या नाहीत.

म्हणाल्या, "आजी, तुमचं मडकं आणि आपलं पोट, फार लांबचं नातं नाही. पोटातही असंच विरजण असतं. फक्त एका जातीचं नाही, शेकडो जातींचं. खाल्लेलं पचवायला, त्यातनं अंगाला किती लागायचं ते ठरवायला ते मदत करतं. लहान वयात हे औषध वारंवार गेलं की ते विरजण विस्कटतं. अशा मुलांमध्ये वजन जास्त असल्याचं बऱ्याच ठिकाणी दिसलंय."

"म्हणजे औषधानंच फुगली पोरगी," हौसा म्हणाली.

"तसं मी लिहून देणार नाही. बिस्किटं किती खाते? फोन किती वेळ बघते? घरात कुणाचं अंग भरलेलं आहे?"

हौसानं माझ्याकडं बघितलं. मी पोट आत घेतलं.

"बघा, कारणं बरीच असतात," बाई म्हणाल्या. "औषध हे त्यातलं एक असू शकतं. पण एक गोष्ट नक्की सांगते. सर्दी बहुतेक वेळा या औषधाशिवाय बरी होते. तेव्हा ते देऊन फायदा काहीच नाही. मग तोटा कशाला घ्यायचा?"

हे मला पटलं. धंद्यातलं बोलणं होतं.

त्यानंतर घरात दोन गोष्टी झाल्या. आरूला बरं नसलं की हौसा तिला डॉक्टरणीकडं न्यायची आणि रूपाली कामावर जायची. बहुतेक वेळा बाई वाफ घ्या, पाणी पाजा, ताप बघा, एवढ्यावर पाठवायच्या. आणि दुसरं म्हणजे आरू माझ्याबरोबर सकाळी कट्ट्यावर चालत यायला लागली. पोरीचं वजन एकदम उतरलं असं काही झालं नाही. गोष्टीत होतं तसं पोटात होत नाही, मोडलेलं विरजण लागायला वेळ घेतं. पण वजन वाढायचं थांबलं आणि पोरगी उंचीला निघाली. गणवेशाचं बटण धरून बसायची बंद झाली. हौसाला तेवढं पुरलं. ती कट्ट्यावर सगळ्यांना सांगायची, औषधाचं असं असं असतं. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, दूध देतासा का भाषण?" तर म्हणाली, "दूध इकत देतो. हे फुकट हाय, दोन्ही घेऊन जा."

मात्र अधनंमधनं घसरायचं. हौसा गावाला गेली, प्रकाशची रात्रपाळी असली, मी म्हशीत असलो, की फडताळातली बाटली निघायची. ट्यूबचा तो दिवस आला तेव्हा असंच झालं होतं. हौसा भावाकडं गेली होती आणि आदल्या दिवशीच परत आली होती. अर्धी बाटली तिनं आल्या आल्या बघितली होती.

हात धुऊन ती ओट्यावर येऊन बसली. पाणी मागितलं. मी तांब्या आणला तर म्हणाली, "छातीत जळजळतंय वो." शेजारच्या पोराची रिक्षा होती, तिच्यात घातलं. दवाखाना लांब नव्हता. पण तिला तेवढंही जायचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेवढंच. माझा हात ओला होता, ट्यूब सोडल्यावर मी तो धुतलाही नव्हता, आणि त्याच हातानं मी तिचा हात धरून बसलो होतो. ती असती तर ओरडली असती.

त्याच दिवशी प्रकाशनं अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. मलकापूरहून माझी थोरली बहीण आली होती. कट्ट्यावरच्या गड्यांनी माझ्या म्हशींच्या धारा काढल्या. एकजण येऊन हळूच म्हणाला, "दादा, चंद्रीचं दूध ओतलं. वहिनींचा नेम हाय, ठावं हाय आमास्नी." मी मान हलवली. तेवढ्यात रूपाली आतनं आली. डोळे सुजलेले, हातात ती अर्धी बाटली.

"मामा, आरूचा ताप वाढलाय. पाणी गिळंना. रात्री द्यावं म्हणून काढली होती, पण टोपण उघडाय हात जाईना. आत्ती असत्या तर..."

मी उठलो आणि आरूला खांद्यावर घेतलं. पोरगी आता जड आहे, पण त्या दिवशी जड वाटली नाही. बहीण आडवी आली. "दादू, सुतकाचं घर हाय. रक्षाविसर्जन झालं न्हाय. कुठं चाललास?"

"डॉक्टरणीकडं."

"दुसऱ्या कुणाला तरी धाड."

"जिला धाडायचं ती गेली. आता मलाच जायला लागतंय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि नंबर न लावता आत घेतलं. आरूचा घसा बॅटरीनं बघितला, मानेच्या गाठी चाचपल्या. मग माझ्याकडं वळल्या.

"आजोबा, या वेळी घशात पू आहे. या वेळी औषध द्यावंच लागेल."

"बाई, तुमीच म्हणालासा ते विरजण मोडतंय म्हणून."

"मोडेल थोडं. ते परत लागेल, आपण लावू. पण आज नाही दिलं तर घशातलं पुढं सरकेल. नको तेव्हा नको म्हणाले होते मी. कधीच नको असं नव्हते म्हणाले. आणि हे पुरं द्यायचं. दोन दिवसांत बरी दिसली तरी मधे थांबायचं नाही. जुनी बाटली टाकून द्या."

म्हशीला ट्यूब सोडताना मी असा अडलो असतो का? नाही. चंद्रीला लागली तेव्हा मीच सोडली होती. मी चिठ्ठी घेतली.

या औषधाच्या बाटलीत नुसती पावडर असते. उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालायचं आणि हलवायचं. घरी आलो आणि पातेलं गॅसवर ठेवलं, तर बायका रडणं सोडून आत आल्या. सुतकात चूल पेटवत नाहीत. जेवण भाऊबंदांच्या घरनं येतं, चहासुद्धा शेजारनं येतो.

बहीण म्हणाली, "दादू, आज आग पेटवायची न्हाय. पाणी शेजारनं आणू."

"आक्का, काल त्या घाटावर पेटवली ती आग न्हवती व्हय? एवढीशी पेटवली तर काय हुतंय?"

पाणी उकळलं. मी ते परातीत थंड पाण्यात ठेवून गार केलं, रूपालीला रेघ बघायला सांगितली, कारण मला चष्म्याशिवाय ती दिसत नाही. आरू कोपऱ्यात वाकळेवर पडली होती. झाकणानं औषध मोजलं आणि तिला टेकवून बसवलं.

तिनं झाकणाकडं बघितलं. "आजा, आज्जीला हे का न्हाई दिलं?"

"आज्जीच्या दुखण्याला हे न्हवतं, बाळा."

"माझ्या दुखण्याला हाय?"

"हाय. डॉक्टरणीनं बघितलंय."

तिनं डोळे मिटून गिळलं. तोंड वाकडं केलं, माझ्या सदऱ्याला पुसलं आणि आडवी झाली. मी झाकण घट्ट लावलं, बाटली फळीवर माझ्या चष्म्याशेजारी ठेवली आणि बाहेर आलो. सोप्यात बायकांनी पुन्हा सूर लावला होता. मी म्हटलं, जरा हळू रडा, पोरगी झोपणार हाय.